निरोप सगळ्यांपर्यंत पोहोचला का?

आपल्या वसईची झाडं आणि पाणी राखायला 1980च्या दशकाच्या शेवटी हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक. तेव्हा मोबाइल नव्हते. मोबाइलशिवायच माणसं जमली.

आमच्या बचत गटात मोबाइल आले आणि उलटंच झालं. कर्ज कुणाला द्यायचं ते व्हॉट्सअ‍ॅपवरच ठरलं. साध्या फोनवाल्या दोघींना कळलंच नाही. त्यांनी येणं सोडलं. आम्ही त्यांनाच रुसक्या म्हणत बसलो! शेवटी घरी गेलो, ऐकून घेतलं.

आता कर्जाचं बोलणं बैठकीतच. ठराव मोठ्याने वाचल्याशिवाय सह्या नाहीत. वेळ जातो खरा. पण परवा त्यांच्यातल्याच एकीने हिशेबातली 60 रुपयांची चूक पकडली.