मलावी देशाची ओळख, तुरीच्या दाण्यापासून



आज आम्ही तुम्हाला एका लांबच्या देशाबद्दल सांगणार आहोत. देशाचं नाव मलावी. आफ्रिका खंडात, आग्नेय बाजूला हा लहानसा देश आहे. तुम्ही म्हणाल, बचतगटाच्या बायांना मलावीचं काय करायचंय? आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं.

आमचा गट दर रविवारी सकाळी दोन तास समाजमंदिरात मुलं गोळा करतो. दुसरी ते सातवीची पोरं असतात. गाणी, गोष्टी, थोडं वाचन. तुरीच्या राशी चालल्या होत्या तेव्हा गावात एकच बोलणं होतं, बाहेरून तूर येते म्हणून भाव पडला. आफ्रिकेतून येते, असं पारावर कुणी तरी म्हणालं आणि ते मुलांनी ऐकलं. रविवारी चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "काकू, आफ्रिकेत तर सगळं जंगल असतं ना? वाघ-सिंह असतात. मग तिथं तूर कोण पेरतं?" दुसरा एक मुलगा म्हणाला, "तिथली माणसं वाईट आहेत. आपला भाव पाडतात."

आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो. आफ्रिकेत रानात वाघ नसतात, हेसुद्धा आमच्यातल्या निम्म्या जणींना माहीत नव्हतं. मग शाळेतल्या बाईंकडून नकाशाचं पुस्तक आणलं, तालुक्याच्या वाचनालयात गेलो, मोठ्या मुलींना मोबाइलवर शोधायला सांगितलं. ज्या देशांतून तूर येते त्यांतला एक निवडला आणि चार रविवार मुलांना तोच सांगितला.

पहिल्या रविवारी अंगणात रांगोळीनं नकाशा काढला. मलावी हा लांबट, चिंचोळा देश आहे. उत्तर-दक्षिण सुमारे ९०० किलोमीटर लांब, पण रुंदीला फार कमी. आपल्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा मोठा. राजधानी लिलाँग्वे. या देशाला समुद्रकिनारा नाही. तीन देशांनी तो वेढलेला आहे: टांझानिया, झांबिया आणि मोझांबिक.

समुद्र नसला तर काय बिघडतं, हे मुलांना सांगायला आम्हाला लांब जावं लागलं नाही. आपल्या गावात कितीतरी शेतं अशी आहेत की त्यांना स्वतःचा रस्ता नाही. माल काढायचा तर शेजाऱ्याच्या बांधावरून गाडी न्यावी लागते. शेजाऱ्यानं अडवलं की पीक शेतातच. मलावीचं तसंच आहे. तिथला माल मोझांबिकमधल्या नकाला किंवा बैरा बंदराला जातो, नाही तर टांझानियातल्या दार-एस-सलामला. खत, डिझेल बाहेरून आणायचं तर तेही असंच दुसऱ्याच्या देशातून. त्या वाहतुकीचा खर्च प्रत्येक गोणीवर चढतो. आम्ही चार मुलांना चार देश केलं आणि मलावी झालेल्या मुलाच्या डोक्यावर तुरीचं गाठोडं दिलं. त्याला समुद्रापर्यंत जायचं होतं. मोझांबिक झालेली मुलगी म्हणाली, "आधी विचार, मग जा." सगळी हसली, पण मुद्दा डोक्यात बसला.

समुद्र नाही, पण पाणी भरपूर आहे. मलावी सरोवर जवळजवळ ५८० किलोमीटर लांब आहे. मुंबईहून गोव्याला जाताना साधारण एवढंच अंतर पडतं. देशाचा सुमारे पाचवा हिस्सा पाण्याखाली आहे. जगातल्या कुठल्याही सरोवरात नाहीत इतक्या जातींचे मासे यात आहेत. उसिपा नावाची बोटाएवढी मासळी तिथं उन्हात सुकवतात, आपल्या आठवडी बाजारात सुकट मिळते तशी विकतात. सरोवरातून शिरे नदी निघते, ती झांबेझी नदीला मिळते आणि ते पाणी शेवटी हिंदी महासागरात जातं. एवढं सांगितल्यावर पोरांनी रांगोळीच्या नकाशात पाणी ओतून नदी वाहवली. नकाशा पुसला गेला, पण नदी कळली.

दुसऱ्या रविवारी बोलणं आणि जेवण. तिथं सगळ्यात जास्त चालणारी भाषा चिचेवा. तिच्यात नमस्काराला 'मोनी' म्हणतात. 'कसे आहात?' विचारायचं तर 'मुली ब्वांजी?' हे ऐकून मुली लाजल्या आणि मुलं खिदळली. उत्तर द्यायचं, 'न्दिली ब्विनो', म्हणजे मी बरी आहे. आभाराला 'झिकोमो'. अजूनही आमच्या गल्लीत पोरं एकमेकांना 'मुली ब्वांजी' म्हणून हाका मारतात.

त्यांचं रोजचं जेवण म्हणजे न्सिमा. उकळत्या पाण्यात पांढऱ्या मक्याचं पीठ घालून लाकडी उलथन्यानं घोटत राहायचं, मोदकाच्या उकडीइतकं घट्ट होईपर्यंत. मग त्याचे गोळे ताटात वाढायचे. तोंडी लावायला भोपळ्याच्या पानांची शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी, घेवडा किंवा मासे. जेवणाआधी एकानं पाणी घालायचं, बाकीच्यांनी हात धुवायचे आणि उजव्या हातानं खायचं. न्सिमा करण्याची ही रीत २०१७ साली युनेस्कोनं जगाच्या सांस्कृतिक वारशात नोंदवली. आम्ही मक्याच्या पिठाची करून बघितली. पहिल्या वेळी गुठळ्या झाल्या. कुटाच्या भाजीबरोबर मुलांनी चाटूनपुसून खाल्ली.

तिसऱ्या रविवारी आम्ही तिथल्या बायांबद्दल सांगितलं. कमरेला गुंडाळायचं रंगीत कापड असतं, त्याला चितेंजे म्हणतात. त्यातच लेकरू पाठीला बांधून बाया शेतात काम करतात. त्यांचेही बचतगट आहेत. त्यांना 'बँक म्खोंडे' म्हणतात, म्हणजे ओट्यावरची बँक. आपल्यासारखंच, ओट्यावर बसायचं, पैसे मोजायचे, कर्ज द्यायचं. २०१२ ते २०१४ या काळात जॉइस बांडा या बाई त्या देशाच्या राष्ट्राध्यक्ष होत्या.

मग आम्ही एक रीत सांगितली. मध्य आणि दक्षिण मलावीत चेवा, याओ, लोम्वे या समाजांमध्ये वंश आईकडून मोजतात. जमीन आईकडून लेकीकडं जाते आणि बऱ्याच ठिकाणी लग्नानंतर नवराच बायकोच्या गावी राहायला येतो. एक मुलगा ओरडला, "म्हणजे घरजावई!" सगळं तिथंही गोड नाही. जमिनीबद्दल पुष्कळदा मामाचाच शब्द चालतो आणि उत्तरेकडच्या समाजांत वंश बापाकडूनच मोजतात. हे आम्ही मुलांना सांगत होतो, तेवढ्यात सातवीतल्या मुलीनं आमच्यातल्या एकीला, म्हणजे स्वतःच्या आईला विचारलं, "आई, आपल्या सातबाऱ्यावर तुझं नाव आहे का?"

तिची आई गप्प बसली. आम्ही सगळ्याच गप्प बसलो. पुढच्या मासिक बैठकीत तोच विषय घेतला आणि उतारे काढले. आम्ही अकरा जणी. नावं निघाली दोघींची. आता बाकीच्या नऊ घरांत बोलणं चालू आहे. कुठं सोपं जातंय, कुठं भांडण होतंय.

चौथ्या रविवारी गोष्ट सांगितली विल्यम कामक्वांबाची. २००१-०२ मध्ये मलावीत मोठा दुष्काळ पडला. घरी फी भरायला पैसे नव्हते, म्हणून १४ वर्षांच्या विल्यमची शाळा सुटली. तो गावातल्या वाचनालयात जाऊन चित्रांवरून पुस्तकं समजून घेत राहिला. सायकलचे सुटे भाग, भंगार आणि लाकडी खांब जमवून त्यानं पवनचक्की उभी केली आणि घरात दिवा लावला. लोक आधी त्याला वेडा म्हणत होते. आमच्या पोरांनी त्या दिवसापासून सायकलच्या दुकानाबाहेरचं भंगार सोडलेलं नाही.

त्याच दिवशी आम्ही संकटंही सांगितली. तिथं पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. मका निघायच्या आधीचे दोन-तीन महिने कणगीत धान्य नसतं, ते भुकेचे महिने. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी नावाचं चक्रीवादळ आलं आणि दक्षिण मलावीत शेकडो माणसं दगावली. समुद्र नसलेल्या देशाला समुद्राच्या वादळानं गाठलं. हे सांगताना आम्ही काळजी घेतली की मुलांच्या तोंडून फक्त 'बिचारे' एवढाच शब्द निघू नये.

शेवटी तुरीचा प्रश्न घेतला. मलावीत तुरीला नांदोलो म्हणतात. दक्षिणेत बाया मक्यात आंतरपीक म्हणून ती लावतात. आपल्या पेरण्या चालू असतात तेव्हा तिकडं तूर काढणीला येते. आपल्या देशात जेवढी तूर लागते तेवढी इथं पिकत नाही. म्हणून २०२१ साली भारत सरकारनं मलावीशी करार केला, पाच वर्षं दर वर्षी ५० हजार टन तूर व्यापाऱ्यांमार्फत घ्यायची. उलट, कोकणातल्या हापूसची कलमं तिकडं गेली. तो मलावी हापूस आता नोव्हेंबरच्या सुमारास वाशीच्या बाजारात येतो.

तो पहिला मुलगा परत म्हणाला, "पण भाव तर पडतोच ना?" आमच्यातल्या एकीनं त्या वर्षी खर्चही निघेना अशा भावात तूर विकली होती. तिनंच उत्तर दिलं. "पडतो रे. मला लागलंय ते. पण तिथल्या बाईनं माझा भाव ठरवला नाही. तिचाही तिनं ठरवला नाही. बाहेरून किती आणायची, कधी आणायची, हे आपलं सरकार ठरवतं. तेव्हा विचारायचं ते इथं विचारायचं."

त्या बाईला काय विचाराल, असं आम्ही मुलांना म्हटलं. त्यांनी वहीत लिहिलं: तुमची तूर किती दिवसांत येते? शेंगा कोण तोडतं? तुमच्या पोरी शाळेत जातात का? आमच्याकडं या, पुरणपोळी करू.

मैत्रिणींनो, यासाठी पैसा लागला नाही. रांगोळी, मक्याचं पीठ, नकाशाचं पुस्तक आणि चार रविवार. तुम्हीही एखादा देश निवडा. सुरुवात घरातल्या वस्तूपासून करा आणि मुलं जे विचारतील त्याला तयार राहा. काय झालं ते आम्हाला नक्की कळवा.