गोल बिट आणि देवनागरीचे कोपरे

मंडळी, या मालेत काल ज्ञानेश्वरी झाली, उद्या शेअर बाजार आहे, आणि मधल्या दिवशी तुम्ही एका पाटीवाल्याला उभं केलंत. तेव्हा मी पाट्यांबद्दलच बोलणार.

आपल्या कोलशेत रोडवर केमिकलचे मोठे कारखाने होते. आधी सँडोझ, तोच पुढे क्लॅरियंट झाला. आता तिथे टॉवर आहेत. टॉवर आला की खाली दुकानं येतात आणि दुकान म्हटलं की पाटी आलीच. आमच्या गाळ्यात ८ बाय ४ फुटांची शीट मावेल असं राउटरचं टेबल आहे. उरलेल्या जागेत माणसानं आडवं चालायचं. फिरतं बिट संगणक सांगेल त्या वाटेनं नेणारं हे यंत्र. त्याचं मूळ जॉन पार्सन्स यांनी हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी केलेल्या खटपटीत आहे. १९५२ साली एमआयटीत आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं गेलं. आमच्याकडे ते ‘श्री स्वामी समर्थ पोळीभाजी केंद्र’ कापतं.

लेझर का नाही, असं लोक विचारतात. पाटीची बरीच अक्षरं पीव्हीसी फोम शीटची असतात. ती लेझरनं जाळली की आम्लाचा विषारी धूर निघतो, माणसाची छाती आणि मशीनचं लोखंड दोन्ही खातो. राउटरचा फक्त भुसा होतो. अर्थात तोही नाकात जातोच, मास्क हवाच.

२०२२ मध्ये लहान दुकानांनाही मराठी पाटीची सक्ती आली. २५ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, आणि आम्ही रात्रीचा दिवस केला. तोवर माझं बरंचसं काम इंग्रजी अक्षरांचं. देवनागरी खरी कळली ती तेव्हा, तीही मशीनकडून.

इंग्रजी शब्द कापला की प्रत्येक अक्षर सुटं. भिंतीवर दोरा धरून एकेक चिकटवा. मराठीत शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते. ‘कोलशेत’ हा अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो, सरळ भिंतीवर जातो. मात्र ग, ण, श यांचा काना डाव्या भागाला फक्त वरूनच जोडलेला असतो. रेघ बारीक ठेवली आणि माल अ‍ॅक्रिलिक असला, की पाटी उचलताना तिथेच टचकन तुटते. दिव्याच्या पाटीत तर उलटंच: पत्र्यातून अक्षर आरपार कापायचं, म्हणजे ‘ठाणे’तल्या ठ चं पोट खाली पडतं. ते मागून अ‍ॅक्रिलिकवर चिकटवावं लागतं.

आता कोपरे. बिट गोल, त्यामुळे ६ मिमीचं बिट आतल्या कोपऱ्यात ३ मिमीची गोलाई सोडणारच. फूटभर अक्षरात ती कुणाला दिसत नाही. दोन इंची अक्षरात मात्र क च्या पोटात बिट शिरतच नाही, आणि सॉफ्टवेअर काही न बोलता ती जागा सोडून देतं. मग २ मिमीचं बिट लावून दुसरा हात मारायचा. ते चटकन मोडतं.

घाईत वेग कमी करून चालत नाही, हे नवशिक्याला पटत नाही. मिनिटाला १८,००० फेरे, एका धारेचं बिट आणि दर फेऱ्याला ०.१५ मिमी कीस धरला, तर मिनिटाला २,७०० मिमी चाल होते. त्याहून फार हळू गेलात तर कीस बारीक होतो, उष्णता बाहेर नेत नाही, आणि अ‍ॅक्रिलिक वितळून कापलेल्या फटीत पुन्हा जुळतं. हात राखून काम करणाऱ्याचा माल चिकटतो.

सगळ्यात मोठी फजिती टंकलेखनाची. एका सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप केलं आणि ‘मिठाई’ची वेलांटी म सोडून ठ च्या डोक्यावर बसली. दहा फुटांची पाटी कापून, रंगवून झाली, मग पोरगा म्हणाला, “काका, हे वाचता येत नाहीये.” तेव्हापासून आधी इंकस्केपमध्ये लिहायचं, अक्षरांच्या रेषा करायच्या, कागदावर छापून घरात आईला वाचायला द्यायचं आणि मगच मशीनवर झीरो लावायचा. आईला मशीनची भाषा, जी-कोड, कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घ मात्र कळतं.

एकच गोष्ट शिरोरेषेच्या हाती लागत नाही, ती म्हणजे अनुस्वार. तो वर एकटा. व्हॅक्यूमनं धरावा तर एवढुसा, बिट लागलं की उडून भुशात जातो. वेगळा चिकटवला तर पहिल्या पावसाळ्यानंतर फोन येतो, “टिंब पडलं.” म्हणून मी बिस्किटांच्या एका डब्यात वेगवेगळ्या मापांची टिंबं कापून ठेवली आहेत. आज येताना तो डबा बरोबर आणलाय, बघायला पुढे पाठवतो. परत करा म्हणजे झालं, परवा ढोकाळीला एक ‘मंगल’ दुरुस्त करायचं आहे.