पिन कुणाचा, खातं कुणाचं



सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात म्हसवड नावाचं गाव आहे. पाऊस बेताचा, दुष्काळ नेमाचा. नव्वदच्या दशकात तिथल्या बायकांनी सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांच्यासोबत स्वतःची सहकारी बँक काढायचं ठरवलं आणि रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला. कारण काय, तर सभासद बायका निरक्षर. सहीच्या जागी अंगठे. बायका साक्षरता वर्गाला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, कुठल्याही मुदलावरचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटर न घेता सांगू दे. १९९७ साली परवाना मिळाला आणि माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

ही गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. मला तिचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. पुढं डिजिटल व्यवहार आले, तेव्हा बायकांनीच पिनला नकार दिला. पिन घरातलं कुणीही काढून घेईल, अंगठा कोण चोरणार, असा त्यांचा रोकडा हिशेब. ज्या अंगठ्यापायी अर्ज फेटाळला गेला, तोच त्यांनी कुलूप म्हणून मागून घेतला. आता नकली ठसे बनवून खाती रिकामी केल्याचेही गुन्हे घडलेत, म्हणून आधारवरचे ठसे लॉक करायची सोय वापरावी, हे जाता जाता सांगते. पण त्या बायकांचं निदान चुकलेलं नव्हतं. पैशाला धोका बाहेरच्या चोराकडून असतो, तसा घरातल्या माणसाकडूनही असतो.

आज मला बोलायला बोलावलंय ते मुलांच्या डिजिटल शिक्षणावर. आता घराघरात काय चालतं बघा. आईचा पापडाचा, शिवणाचा, पुरणपोळ्यांचा धंदा असतो आणि तिच्या मोबाइलचा कारभार सातवीतल्या मुलाकडे. 'आण इकडं, तुला नाही जमायचं,' म्हणत तो फोन हातातून घेतो. पिन त्याला पाठ, आईला नाही. आपण कौतुकानं म्हणतो, पोरगं किती हुशार! मला त्यात कौतुकापेक्षा काळजीच जास्त वाटते.

कारण सणासुदीला एक फोन येतो. बोलणारा आपण मोठ्या कंपनीतून बोलतोय म्हणतो, दोनशे पोळ्यांची ऑर्डर देतो, आगाऊ रक्कम लगेच पाठवतो म्हणतो. मग व्हॉट्सॲपवर एक कोड येतो: हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. मुलगा चटाचट पिन टाकतो आणि पैसे जातात. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो द्यायला लागतो. एवढं एक वाक्य चौथीच्या वर्गात पाढ्यांसारखं घोकून घेतलं, तरी निम्मं काम झालं असं मी समजेन. फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर तासाभरातच फोन करावा. घरचे रागावतील म्हणून मुलं गप्प बसतात आणि तेवढ्यात पैसे चार खाती फिरून पसार होतात.

केरळात २०१८पासून शाळांमध्ये 'लिटल काइट्स' नावाचे विद्यार्थ्यांचे संगणक गट आहेत. २०२२ साली याच मुलांच्या मदतीनं आयांसाठी सायबर सुरक्षेचे वर्ग शाळेतच भरवले. मला ही रीत पटते. मुलानं आईचं काम करून टाकायचं नाही, फोन तिच्या हातात ठेवून शेजारी बसायचं. बोट तिचंच फिरलं पाहिजे, भले पाच मिनिटं जास्त लागोत.

आता धंद्याच्या भांडवलाचं. आमच्या एसटी स्टँडबाहेर एक मावशी भाकरी आणि ठेचा विकतात. क्यूआर कोडचा पुठ्ठा त्यांनी ठेच्याच्या बरणीला रबरानं बांधलाय, वर तेलकट प्लॅस्टिकची पिशवी. मी पैसे पाठवायला गेले, तर नाव आलं त्यांच्या दिराचं. "भाऊजींनीच काढून दिला. पैशे घरातच येत्यात की," मावशी म्हणाल्या. घरात येतात, खरंच आहे. पण उद्या पिठाच्या गिरणीसाठी त्या कर्ज मागायला गेल्या, तर साहेब त्यांचं पासबुक उलटून बघणार आणि त्यात गॅसच्या अनुदानापलीकडे काही नसणार. रोजची विक्री त्यांची, पत मात्र दिराची वाढतेय.

२०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंतचं शिशु कर्ज तारणाशिवाय मिळतं. गहाण ठेवायला काही नसतं, तेव्हा धंदा चालतो हे दाखवायला खात्यावरची उलाढालच उपयोगी पडते. नावावर घर नाही, जमीन नाही, अशा बाईला आयुष्यात पहिल्यांदाच फुकटात पुरावा मिळतोय, आणि तो आपण दुसऱ्याच्या नावावर जमा करतोय. योजनांच्या जाहिरातींवर खर्च होतो, पण या साध्या गोष्टीकडे कुणी बघत नाही, याचा मला राग येतो.

तेव्हा शिक्षकांना माझी विनंती आहे. सुट्टीत चित्रं चिकटवायला देण्यापेक्षा मुलांना हे काम द्या. आईचं बचत खातं चालू आहे का, ते बघायचं. बंद असेल, तर तिच्यासोबत बँकेत जाऊन केवायसी करून घ्यायचं. मग तिच्या नावाचा क्यूआर मागायचा. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांकही तिचाच हवा. तो वडिलांचा असला, तर ओटीपी त्यांच्याच फोनवर येत राहील आणि खातं आईचं असून नसल्यासारखं. त्यामुळे बँकेच्या आधी सिम कार्डाच्या दुकानात जावं लागेल.