सामुदायिक भौतिकोपचाराचे उच्च शिक्षण व आपला शिष्यवृत्ती निधी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



शिष्यवृत्ती समितीपुढे यंदा एका कन्येचा अर्ज आला आहे. भौतिकोपचाराची, म्हणजे आपण जिला फिजिओथेरपी म्हणतो तिची, साडेचार वर्षांची पदवी तिने घेतली असून आता ‘सामुदायिक भौतिकोपचार’ या शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेण्याचा तिचा मानस आहे. समितीतील काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे पडले की, मुलीने आता गोंदियास दवाखाना थाटावा आणि निधी डॉक्टर-इंजिनियर होणाऱ्यांस द्यावा. या मताचा आदर राखून मला त्याविरुद्ध बोलावयाचे आहे.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत या विद्येचे शिक्षण सुरू झाले, ते पोलिओच्या निमित्ताने. पुढे लशीने पोलिओ हटला. २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. परंतु लुळेपणा संपला काय? अर्धांगवायू झालेला सालेकसा-देवरीकडील मनुष्य नागपुराहून जीव वाचवून परत येतो आणि बाजेवर पडून राहतो. खांदा आखडतो, मिटलेली मूठ उघडत नाही. व्यायामासाठी रोज गोंदियास यावे, तर दोघांचे बसभाडे आणि सोबत्याची मजुरी बुडालेली! दवाखाना कितीही उत्तम असो, तो अशा माणसाच्या अंगणात जात नाही.

ही शाखा नेमकी तेथेच जावयास शिकविते. अंगणात बांबूचे दोन समांतर कठडे करून चालण्याचा सराव घेणे, न्हाणीत धरावयास दांडी बसविणे, घरच्या सुनेस किंवा आशाताईंस व्यायाम दाखवून ठेवणे, ही तिची कामे. दिवसभर ओणवे राहून रोवणी करणाऱ्या बायांच्या कमरा, बिड्या वळणाऱ्यांच्या माना व बोटे, बाळंतपणानंतरचे जे विकार स्त्रिया नवऱ्यासही सांगत नाहीत ते, हे सारे तिच्या अभ्यासाचे विषय. सिकलसेलच्या रोग्याचा खुबा रक्तपुरवठा तुटून ऐन तारुण्यात निकामी होऊ शकतो. २०१६ च्या कायद्याने या आजाराची गणना दिव्यांगत्वात केली. पण कागदावरील हक्काने पाय चालत नाही. या पदवीसाठी शोधप्रबंधही लिहावा लागतो. आमच्या रोवणीवर पुण्या-मुंबईचा विद्यार्थी तो कशास लिहील?

यात पैसा थोडा आहे, हे मी लपवीत नाही. खाजगी दवाखान्यात लवकर मिळेल तेवढे येथे मिळणार नाही, आणि म्हणूनच निधीची गरज इंजिनियराहून हिला अधिक आहे.

एका सभासदांनी विचारले, “लग्नानंतर ती परगावी गेली तर?” हा प्रश्न मुलांच्या अर्जावर आपण आजवर कधी विचारला नाही, तिच्याच अर्जावर का विचारावा? अट घालावयाचीच असेल, तर प्रबंधासाठीची पाहणी आपल्या जिल्ह्यातील खेड्यांत करावी, एवढीच घालावी. त्या अटीस ती आनंदाने तयार आहे. प्रवेशाची मुदत जवळ आली असल्याने समितीने आजच्याच बैठकीत निर्णय द्यावा, अशी माझी विनंती आहे.