खळ्यावरचे वाटे आणि फुफीचा वाटा

(पुण्यातील युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला 'शेतातलं बालपण आणि आपला दीन' असा विषय दिला आहे. सुरुवात करण्यापूर्वी एक विचारते. तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी सातबारा आहे? बरेच हात आहेत. सातारा, सोलापूर, नगर, बीड, सगळीकडून आलात तुम्ही, म्हणजे असणारच. आता फक्त मुलींनी सांगा, त्या सातबाऱ्यावर तुमच्या आईचं, फुफीचं किंवा तुमचं नाव किती ठिकाणी आहे? दोन हात. बरं. ते दोन हात लक्षात ठेवा, पुढे लागतील.

माझं गाव पुरंदर तालुक्यात. पुण्याहून दिवे घाट चढून गेलं की सासवड, आणि तिथून पुढे. मुरमाड जमीन, पाऊस बेताचा. विहिरीला पाणी असेल तिथे अंजीर आणि सीताफळ, नसेल तिथे शाळू आणि बाजरी. आमचं घर मुलाण्याचं. गावगाड्यात मुलाणी हा बलुतेदार होता हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. मशिदीत दिवाबत्ती करायची आणि गावच्या जत्रेत, लग्नकार्यात बकरं कापायचं ते मुलाण्यानं, बिस्मिल्ला म्हणून. गावात मुसलमानांची घरं मोजकी, बाकी सगळे मराठा, माळी, धनगर. पण मुलाण्याचा हात लागल्याशिवाय जत्रेची सागुती चुलीवर चढत नसे. हल्ली कुणी 'तुम्ही इथले कधीपासून' असं विचारलं की मला ते खळं आठवतं, जिथे आमचा वाटा ठरलेला होता.

तर खळं. शाळूची काढणी झाली की शेतातच जागा चोपून, शेणानं सारवून खळं करायचे. मधोमध तिवडा, त्याभोवती बैलांची पात. मग वावडीवर उभं राहून वाऱ्यावर उफणणी. शेवटी धान्याची रास. आम्हा पोरांना रास होईपर्यंत तिथून हलवत नसे, कारण रास झाली की वाटे निघायचे आणि ते बघायला मजा यायची.

पहिला वाटा बैलांचा. पात धरताना बैलांच्या तोंडाला मुसकी बांधतात, नाहीतर ते कणसंच खात बसतील. आमची दादी पहिल्या दोन फेऱ्यांना मुसकी बांधू देत नसे. आजोबा कुरकुरायचे. दादी म्हणायची, पेरलं त्यांनी, ओढलं त्यांनी, आणि तोंड त्यांचंच बांधता? दादी घरात आमच्याशी दखनी बोलायची, बैलांशी मात्र मराठीत. बैलांना दखनी येत नाही, असं ती अगदी गंभीरपणे सांगायची.

दुसरा वाटा पाखरांचा. तो कुणी मोजत नसे, गोफण फिरवूनही तो जायचाच. मोठेपणी मी हदीस वाचली की माणसानं झाड लावलं किंवा पेरणी केली आणि त्यातलं पाखरानं, माणसानं, जनावरानं खाल्लं तर ते त्याच्या नावे सदका म्हणून लिहिलं जातं. दादी निरक्षर होती. तिला ही हदीस कुणी सांगितली होती की ती तिला शेतातूनच कळली होती, मला माहीत नाही.

मग बलुतं. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, ज्याचं त्याला. आजोबा आपल्या खळ्यावर बलुतं द्यायचे आणि दुसऱ्यांच्या खळ्यावर मुलाणी म्हणून घ्यायचे. आणि आणखी एक वाटा, सरवा. कापणी झाल्यावर रानात पडलेली, चुकलेली कणसं वेचायला गावातल्या गरीब बाया यायच्या. त्यांना हाकलायचं नाही हा अलिखित कायदा. मी त्याला गोडगोड रंग देत नाही. बलुत्यात जात होती, खालच्या मानलेल्यांना वाटा हात पसरूनच घ्यावा लागायचा, आणि सरवा वेचणाऱ्या बाईच्या नावावर जमीन का नव्हती हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही.

शेवटी आमच्या घरचा खास वाटा, उश्र. शहरात आपण जकात म्हणजे अडीच टक्के एवढंच शिकतो. शेतीच्या उत्पन्नाची जकात वेगळी आहे. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा भाग, आणि विहिरीचं पाणी ओढून, कष्टानं भिजवलेल्या पिकाचा विसावा. मला हा हिशोब फार आवडतो. घामाची किंमत धरून देणं निम्मं केलं आहे. मोट ओढणारा माणूस आणि आभाळाकडे बघणारा माणूस यांना एकच माप लावलेलं नाही. आजोबा पायलीनं रास मोजायचे. शेजारच्या खळ्यावर पहिल्या पायलीला 'लाभ' म्हणायचे, आमच्याकडे 'बरकत'. दहावी पायली वेगळ्या पोत्यात. ते पोतं घरात येत नसे, खळ्यावरूनच जायचं. पीक कापाल त्याच दिवशी त्यातला हक्क द्या, असं सूरह अनआममध्ये सांगितलं आहे. आजोबांनी ते शब्दशः धरलं होतं.

1972 च्या दुष्काळात मी सात वर्षांची होते. त्या वर्षी रासच झाली नाही. अब्बा आणि चाचा खडी फोडायच्या कामावर जायचे, घरात अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी. वजूला पाणी नको म्हणून दादी मातीवर हात मारून तयम्मुम करायची. एका सकाळी पुरुष मंडळी उघड्या माळावर पावसाची नमाज पढायला गेली, तर बांधाच्या पलीकडे गावातली इतर माणसंही टोप्या काढून उभी राहिली. पाऊस त्या दिवशी आला नाही. खोटं कशाला सांगू?

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, किती न्यायाचं घर होतं. बैलाचा वाटा, पाखराचा वाटा, विधवेचा वाटा. होतंच. आता पुढचं ऐका.

1983 साली आजोबा गेले. दादी आधीच गेली होती. मागे दोन मुलगे, दोन मुली आणि सात एकर जमीन. चाळिसाव्यानंतर दोन्ही फुफींना तालुक्याला नेलं. प्रत्येकीला एक चांगली साडी, हिरव्या बांगड्या, आणि अंगठा. हक्कसोडपत्र. कुणी जबरदस्ती केली नाही. फुफी हसत हसत गाडीत बसल्या, हसत परत आल्या. मोठी फुफी मला म्हणाली, भावाचं दार उघडं राहायला हवं ना बेटी. म्हणजे जमिनीच्या बदल्यात तिनं माहेरचं दार विकत घेतलं. दाराची किंमत किती, ते मोजू. दोन मुलगे, दोन मुली. मुलाला दोन भाग, मुलीला एक, म्हणजे एकूण सहा भाग. सात एकर म्हणजे 280 गुंठे. प्रत्येक फुफीच्या वाट्याला साडेशेहेचाळीस गुंठ्यांहून थोडी जास्त जमीन. एक एकर साडेसहा गुंठे. ज्या घरात दहावी पायली चुकली नाही, तिथे हा आकडा कुणी एकदाही तोंडानं उच्चारला नाही.

कुणी म्हणेल, त्या राजीखुशीनं सोडत होत्या. सूरह निसा वाचा. आईबापांनी ठेवलेल्यात पुरुषांचा हिस्सा आहे आणि स्त्रियांचाही हिस्सा आहे, ठेवलेलं थोडं असो वा पुष्कळ, आणि हा हिस्सा ठरवून दिलेला आहे, असा त्याचा आशय आहे. मुलाच्या निम्मा का, यावर वाद घाला, घालायलाच हवा, आपल्या चळवळीत तो अनेक वर्षं चालू आहे. पण निदान जो निम्मा लिहिलेला आहे तो तरी द्या! हिस्सा आधी तिच्या हातात पडावा, तिच्या नावावर चढावा, आणि मग तिला भावाला द्यावासा वाटला तर ती देईल. हातात न आलेली गोष्ट सोडून देण्याला राजीखुशी म्हणणं मला पटत नाही.

आता थोडं कायद्याचं. 1937 चा शरीअत ॲप्लिकेशन ॲक्ट तुम्ही नावानं ऐकला असेल. त्याच्या दुसऱ्या कलमात सुरुवातीलाच शेतजमीन वगळलेली आहे. शेतजमीन हा प्रांतांच्या अखत्यारीतला विषय होता हे एक कारण, आणि जमीनदारांना मुलींना जमीन द्यायची नव्हती हे दुसरं. मद्रास प्रांतानं 1949 मध्ये दुरुस्ती करून शेतजमीन त्यात आणली. महाराष्ट्रात मुसलमान खातेदार वारला की वारसनोंदीत मुलींची नावं लागतात. आपली अडचण कायद्यात कमी आणि त्यानंतर होणाऱ्या हक्कसोडीत जास्त आहे. शेजारच्या पाटलांकडे तरी काय वेगळं? महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि केंद्रानं 2005 मध्ये हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, तरी त्यांच्याही लेकी साडी घेऊन सही करून येतात. या एका बाबतीत गावात कमालीची एकी आहे.

1985 मध्ये शाहबानो निकाल लागला तेव्हा शरीअत वाचवायला लोक रस्त्यावर आले. तलाठी कार्यालयात मुलीचा शरीअतनं दिलेला हिस्सा वाचवायला कोण गेलं? तलाक, पोटगी, मेहर यांवर आपण रात्ररात्र बोलतो. शेतजमिनीवर तकरीरमध्येही चकार शब्द नाही आणि आपल्या परिसंवादांतही फारसा नाही. वीतभर जमीन अन्यायानं बळकावली तर कयामतच्या दिवशी ती सात थरांसकट गळ्यात पडेल, ही हदीस बांधाच्या भांडणात सगळ्यांना पाठ असते. बहिणीच्या बाबतीत ती आठवत नाही, कारण बहिणीला बांध नसतो.

सूरह कलममध्ये एका बागेची गोष्ट आहे. बागेचे मालक ठरवतात, पहाटे उठून गुपचूप तोडणी उरकू, म्हणजे गरीब माणूस आत यायला नको. सकाळी जाऊन बघतात तर बाग उद्ध्वस्त. मी ती गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला सरवा वेचणाऱ्या बाया आठवल्या. आता वाचते तेव्हा ती तालुक्याला जाणारी गाडी आठवते.

2011 मध्ये अब्बा गेले. त्यांच्या नावावर आजोबांच्या सातातले साडेतीन एकर, 140 गुंठे. अम्मीचा आठवा हिस्सा, साडेसतरा गुंठे, तो आजही तिच्याच नावावर आहे. उरलेल्याचे पाच भाग. दोन भावांना 49-49 गुंठे, मला साडेचोवीस. मी सही करणार नाही असं सांगितलं. दोन वर्षं ईदला मला कुणी बोलावलं नाही. मग थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं आणि सगळं हळूहळू मार्गाला लागलं. आता भाऊच माझं रान कसतो, अर्धेलीनं. दार बंद होत नाही, मुलींनो. दोन वर्षं करकरतं.

पण मी इथे नुसती माझी बहादुरी सांगायला आलेली नाही. माझे साडेचोवीस गुंठे नावावर चढले आणि मी कागद घेऊन बसले, तेव्हा लक्षात आलं की अब्बांच्या 140 मध्ये एका फुफीचे साडेशेहेचाळीस आहेत. म्हणजे तिसरा हिस्सा. म्हणजे माझ्या साडेचोवीसमध्येही साधारण आठ गुंठे तिचे. दुसऱ्या फुफीचे चाचांच्या साडेतीन एकरांत.

भावांना सांगितलं तर थोरला म्हणाला, आता कबरीपर्यंत मागे जाणार का? धाकटा गप्प बसला, तेच मला बरं वाटलं. कागदावर तर कायमची हक्कसोड झालेली आहे, आणि आठ गुंठ्यांचा वेगळा तुकडा पाडायचा तर 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. म्हणून माझ्यापुरतं मी एक केलं. रानात अंजिराची झाडं आहेत. हंगाम संपला की माझ्या निम्म्यातून आधी उश्रचा विसावा भाग काढते, झाडं विहिरीच्या पाण्यावरची आहेत म्हणून विसावा. उरलेल्याचे तीन वाटे. तिसरा वाटा मोठ्या फुफीच्या मुलीला, ती हडपसरला शिवणकाम करते. पहिल्या वर्षी पैसे घेऊन गेले तर ती घेईना. म्हणाली, अम्मीनं सोडलंय. मी म्हटलं, तुझ्या अम्मीनं सोडलं ते भावाचं दार उघडं राहावं म्हणून. तू शेवटची त्या दारात कधी गेली होतीस? तिनं पैसे ठेवून घेतले.

हे आत्ता बोलायला निमित्तही आहे. पुरंदरमध्ये सात गावांत विमानतळ होऊ घातला आहे. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी. यातलं खानवडी हे महात्मा फुल्यांच्या पूर्वजांचं गाव, आणि शेतकऱ्याचा असूड लिहिणाऱ्या माणसाच्या गावात असूड कुणाच्या पाठीवर बसतो ते दिसेलच. विमानतळाला विरोध असो वा पाठिंबा, जिथे जमिनीचा भाव वाढतो तिथे घराघरांत बहिणींना फोन जातात, 'जरा सहीला ये'. मोबदला ज्याचं नाव त्याला. हेच रिंगरोडच्या कडेला होतं आणि महामार्गाच्या कडेलाही.

म्हणून घरी जाल तेव्हा करायची कामं. सातबारा ऑनलाइन दिसतो, तो काढा आणि आजोबांच्या नावापासूनचे फेरफार बघा. बाप जिवंत असताना मुलीकडून लिहून घेतलेल्या हक्कसोडीला मुस्लिम कायद्यात सहसा अर्थ नसतो, कारण वारसा मृत्यूनंतरच उघडतो. असा कागद घरात असेल तर वकिलाला दाखवा. फेरफाराची नोटीस आली तर मुदतीत लेखी हरकत द्या, तोंडी नाही. वाटप करायचं तर महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज होतो. आणि मुलग्यांनो, हे काम तुमचं आहे. बहिणीनं मागितलं की ती लोभी ठरते. भावानं आपणहून हिशोब मांडला तर कुणी काही बोलू शकत नाही.

मी कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणला आहे. चहाच्या सुट्टीत प्रत्येकानं आपल्या आजोबांच्या जमिनीचे गुंठे लिहा, खाली वारसांची नाती लिहा, नावं नकोत. हिस्से कसे काढायचे ते मी दाखवते. ज्या दोघींनी मघाशी हात वर केला होता, त्यांनी माझ्या टेबलाशी बसा, मला मदत लागणार आहे.