इंटरनेटवर आपलं स्वतःचं पान
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



इंटरनेटवर स्वतःचं पान कसं काढावं, हा विषय मला दिला आहे. पोरं म्हणतील, त्यात काय, आमचं फेसबुक आहे, व्हॉट्सॲप ग्रुप आहे. आहे ना, पण ती दुसऱ्याच्या ओट्यावर मांडलेली बैठक झाली. मालकाने उठा म्हटलं की उठावं लागतं.

बाबासाहेबांना ही अडचण फार आधी कळली होती. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, तेव्हा पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली म्हणून पत्र उभं राहिलं. पुढे १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढलं, तेव्हा रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकट्याने लिहून भरले. छापखाना, कागद, टपाल, थकलेली वर्गणी, एवढं ओझं त्या काळी होतं. आज ते जवळजवळ राहिलेलं नाही. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत वेबची पद्धत बसवली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी संस्थेने ती सर्वांना फुकट खुली केली. पान काढायला कोणाच्या परवान्याची गरज नाही.

आता करायचं कसं ते सांगतो. वेबचं पान म्हणजे साधी मजकुराची फाईल. संगणकावर नोटपॅड उघडा. मजकूर लिहा आणि त्याला खुणा करा: हा मथळा, हा परिच्छेद, इथे फोटो. या खुणा कोनी कंसात, इंग्रजी अक्षरांत लिहितात. त्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. सुरुवातीला पाच-सहा खुणा पुरतात, आठवी-नववीच्या मुलीला एका रविवारी येतील. फाईल जतन करताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठीच्या जागी भलतंच दिसेल. पहिल्या पानाचं नाव 'इंडेक्स डॉट एचटीएमएल', इंग्रजीतच. हे पान इंटरनेट नसतानाही स्वतःच्या संगणकावर उघडून बघता येतं. चुका तिथेच दुरुस्त करा, मग फाईल जागा देणाऱ्याकडे चढवा. फोटो मात्र लहान करून टाका. पाच एमबीचा फोटो मंठ्याच्या खेड्यात कोणी उघडायचा?

फुकट जागा मिळते, पण सावध राहा. जिओसिटीज नावाची अशीच मोठी सेवा होती. हजारो-लाखो लोकांनी तिथे पानं मांडली. याहूने ती विकत घेतली आणि २००९ साली अमेरिकेतली सेवा बंद करून टाकली. ज्यांच्या घरी फाईलची प्रत होती त्यांचं काही गेलं नाही. म्हणून मूळ प्रत पेनड्राईव्हवर, आणि एक छापून विहाराच्या कपाटात. स्वतःचं नाव, म्हणजे डोमेन, घेतलं तर त्याचे पैसे ठराविक मुदतीने भरावे लागतात. त्याचा ईमेल विहाराच्या नावाने काढा, पुण्याला नोकरीला जाणाऱ्या एखाद्या पोराच्या नावाने नको.

आणखी एक. नव्वदच्या दशकातल्या स्मरणिका डीटीपीवाल्याकडे श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या असायच्या. त्या फाईली आज उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलल्यावर जोडाक्षरं मात्र ओळीनं ओळ तपासावी लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण दोघं बसली तर होतं.

आता लिहायचं काय? बाबासाहेबांचं चरित्र जगभर उपलब्ध आहे, ते पुन्हा उतरवू नका. जे आपल्याच वस्तीत आहे ते लिहा. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठ नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. जालना जिल्हा १ मे १९८१ चा. म्हणजे तेव्हाच्या सरकारी कागदांत आपला बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्याखाली आणि परतूरकडचा परभणीखाली सापडणार. आपल्या गल्लीत त्या दिवसांत काय झालं, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्ताराची बातमी कशी आली, हे कोणत्या कागदात शोधाल? तेव्हा विशीत असलेला माणूस आज पासष्टी ओलांडून गेला. त्याच्याजवळ बसा, फोनवर त्याचं बोलणं टिपून घ्या, त्याच्याच बोलीत पानावर उतरवा. आजीला ओव्या, गाणी विचारा. तिला कोणी विचारतच नाही.

उतरवल्यावर त्यांना वाचून दाखवा आणि मग विचारा, हे साऱ्या जगाला दिसेल, चालेल ना? नको म्हटलं तर ते वाक्य काढा. फोन नंबर, घरचा पत्ता, लेकीबाळींचे फोटो पानावर टाकू नका.

विहाराच्या बांधकामाला कोणी विटा दिल्या, कोणी फक्त श्रमदान केलं, ती वही कोषाध्यक्षांकडे आहे असं मला कळलं. तिची शाई फिकट होत चालली आहे. पहिलं पान त्या वहीचंच करा. जयभीम.