एक कान रुसला म्हणजे

वाईहून पसरणीचा घाट चढून तुम्ही पाचगणीला आलात म्हणजे तुमच्या कानांनी एक लहानशी परीक्षा दिलेली असते. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंच, पाचगणी सुमारे 1,300. एवढे चढले म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब शेकडा 6-7 ने कमी होतो. कानाच्या पडद्याआड जी हवा असते, तिला बाहेर पडायला नाकाच्या मागे उघडणारी एक बारीक नळी आहे. तिला युस्टेशियन नळी म्हणतात. चढताना आतली हवा आपसूक निसटते. उतरताना मात्र बाहेरची हवा आत यावी लागते, आणि गिळल्याशिवाय वा जांभई दिल्याशिवाय ती नळी सहसा उघडत नाही. म्हणून इथले प्रसिद्ध चणे घाट उतरताना तोंडात टाकावेत, असे मी पाहुण्यांना सांगत असतो. सर्दी झालेली असली की एका बाजूची नळी उघडते, दुसरी हट्ट धरून बसते. आणि मोटारीत लागलेले गाणे एकाच बाजूने येत आहे असा भास होतो.

बहुतेकांचा हा रुसवा थोड्या वेळात जातो. मला आज बोलायचे आहे ते ज्यांचा जात नाही त्यांच्याविषयी. एक कान चांगला, एक अधू, आणि गाण्याची तर हौस! अशा माणसाने काय करावे?

आधी कान का रुसला, हे बघू. घरच्या घरी एक गंमत करून पाहा. तोंड मिटून हळूच 'सा' गुणगुणा, आणि एका कानात बोट घाला. गुणगुणणे एकदम त्या बुजवलेल्या कानात शिरल्यासारखे वाटेल. आता बोट न घालता गुणगुणा. तुमच्या अधू कानातच आवाज मोठा वाटला, तर अडथळा बहुधा वाटेत आहे, म्हणजे मळ, पडद्यामागचे पाणी किंवा बंद पडलेली नळी. उलट आवाज चांगल्या कानाकडे गेला, तर आतला कान किंवा त्याची नस दुखावली असल्याचा संशय येतो. डॉक्टर कंपनाचा चिमटा कपाळावर टेकवून बघतात ते हेच. अर्थात हा नुसता अंदाज. निदान डॉक्टरनेच करायचे.

आणि इथे एक गोष्ट निक्षून सांगतो. कधी कधी माणूस सकाळी उठतो आणि एक कान जवळजवळ बंद झालेला असतो. दुखत नाही, वाहत नाही. फार तर शीळ घातल्यासारखा नाद येतो, एखाद्याला चक्कर येते. आपण काय म्हणतो? घाटाने झाले असेल, थंडी बाधली असेल, मळ साचला असेल. मग तेल सोडायचे, लसूण कढवायचा, आठवडाभर वाट पाहायची. पाचगणीची थंडी बिचारी निष्कारण बदनाम होते! आतल्या कानाचा हा एकाएकी होणारा आघात असेल, तर एकेक दिवस मोलाचा असतो. त्यावर स्टिरॉइडचे औषध देतात, आणि ते पहिल्या काही दिवसांतच मिळाले तर कान परत येण्याचा संभव अधिक. दोन आठवडे उलटले की आशा बरीच ओसरते. तेव्हा असा कान घेऊन त्याच दिवशी घाट उतरा, आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना गाठून श्रवणाचा आलेख काढून घ्या. हळूहळू एकाच बाजूचे कमी होत गेले, तरीसुद्धा एकदा तपासून घ्यावे. क्वचित नसेवर साधी गाठ असते, ती वेळेवर कळलेली बरी.

बरे, सगळे उपाय झाले आणि कान अधूच राहिला. म्हणजे गाणे गेले का? मुळीच नाही. सूर ओळखायला एक कान पुरतो, लय धरायलाही पुरतो. जातात त्या दोन गोष्टी. एक दिशा, आणि दुसरी गोंगाटातून हवे ते निवडण्याची शक्ती. बाजूने आलेला आवाज एका कानात आधी आणि दुसऱ्यात किंचित मागून पोचतो. हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण मेंदू तेवढ्यावर दिशा ठरवतो. शिवाय आपले डोके आवाजाच्या आड येते. बायाँचा खर्ज घुमारा डोक्याला वळसा घालून पलीकडे जातो, पण तबल्याच्या चाटेची धार, तंबोऱ्याची जवारी, हे बारीक उंच नाद आडच राहतात. मैफलीत साधारणपणे तबलजी गवयाच्या उजव्या हाताला बसतो, म्हणजे श्रोत्यांच्या डावीकडे. डावा कान अधू असलेला रसिक मानाने पहिल्या रांगेत मधोमध बसला, तर त्याला पेटीच पेटी ऐकू येते! त्याने सभागृहाच्या डाव्या अंगाला, जरा मागे बसावे, म्हणजे उजवा कान व्यासपीठाकडे होतो. ज्याचा उजवा कान अधू, त्याने याच्या उलट. आणि ध्वनिक्षेपकाच्या तोंडाशी कोणीच बसू नये.

खरी फसगत होते ती कानात घालायच्या यंत्रांनी. जुन्या रेडिओला एकच कर्णा होता, सगळे गाणे त्यातूनच यायचे. अधू कानाचा माणूस काही गमावत नसे. 1958 च्या सुमारास बाजारात स्टिरिओ तबकड्या आल्या आणि गाण्याचे डावे-उजवे झाले. याच पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेत, 1955 च्या सुमारास झांजिबारहून आलेला फारोख बलसारा नावाचा मुलगा शिकत होता. पियानो वाजवायचा, 1958 मध्ये मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यमेळ त्याने काढला. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागले. त्याचे 1975 चे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' इअरफोन लावून ऐका: आवाज या कानातून त्या कानात उड्या मारतात. एक कान बंद असेल, तर काही शब्दच हरवतात, आणि ऐकणाऱ्याला वाटते की ध्वनिमुद्रणच सदोष आहे.

त्यावर उपाय अगदी साधा, फुकटचा आहे. आजच्या बहुतेक फोनमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाच्या भागात 'मोनो ऑडिओ' अशी कळ असते. ती लावली की डावे-उजवे एकत्र होऊन दोन्ही कानांत संपूर्ण गाणे येते. याला कमीपणा मानू नका. अमेरिकेतल्या बीच बॉईज या वाद्यमेळाचे ब्रायन विल्सन यांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नसे. 1966 चा त्यांचा गाजलेला 'पेट साउंड्स' त्यांनी मोनोतच सिद्ध केला.

आता तुम्ही म्हणाल, त्यापेक्षा अधू कानाकडचाच आवाज वाढवला तर? मळाने वा पाण्याने अडलेल्या कानाला ते चालून जाते. आतला कान दुखावला असेल, तर मात्र एक विचित्र प्रकार होतो: हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा सोसवत नाही, मधली जागाच अरुंद झालेली असते. काहींना तर एकच सूर त्या कानात किंचित चढा किंवा उतरा लागतो. गाणाऱ्याचे यात फार हाल होतात. तंबोरा लागूनही लागलेला वाटत नाही. अशाने चांगल्या कानाने जुळवावे आणि आवाज बेताचा ठेवावा. चांगला कान तर आता एकुलता एक! प्रौढांनी 80 डेसिबलचा आवाज आठवड्यात 40 तासांहून जास्त ऐकू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकुलत्या कानाच्या धन्याने त्याच्याही आतच राहावे हे उत्तम. अधू बाजूचा आवाज उचलून चांगल्या कानात पोचवणारी श्रवणयंत्रेही मिळतात. बोलणे ऐकायला ती बरी, गाण्याला मात्र आधी काही दिवस वापरून पाहावीत आणि मगच पैसे मोजावेत.

पाचगणी हे वसतिगृहांचे गाव, म्हणून शेवटी मास्तरांसाठी आणि बाईंसाठी चार शब्द. गालगुंड होऊन गेल्यावर एखाद्या मुलाचा एक कान कायमचा जातो आणि ते कोणाच्या ध्यानात येत नाही, मुलाच्याही नाही. ते मूल नेहमी एकच बाजू पुढे करते, हाक मारली की भलतीकडे बघते, शांत खोलीत सुरात गाते आणि समूहगानात भरकटते. त्याला 'बेसूर' म्हणून मागच्या रांगेत उभे करतात, आणि बिचारे गाणेच सोडते. अशा मुलाची एकदा तपासणी करवा. आणि तोवर चांगला कान पेटीकडे येईल असे त्याला रांगेच्या टोकाला, पुढे उभे करा.